प्रत्येकी दोन ओळी

…आणि वर म्हणतात, तासाभराचं तर काम आहे! तुम्हाला सांगतो, वीस वर्षं या विद्यापीठात इंग्रजी शिकवतोय, उत्तरपत्रिकांचे ढिगारे उपसलेत, पण असा दमलो नव्हतो कधी. सोमवारी विभागप्रमुखांनी बोलावलं, चष्मा कपाळावर, "हे बघा, वेबसाइटवर आपल्या प्राध्यापकांची अलीकडची कामगिरी टाकायचीय. शुक्रवारपर्यंत. प्रत्येकाकडून दोन ओळी घ्या, झालं!" झालं? कसलं झालं! दोन ओळी… फक्त दोन ओळी मागितल्या होत्या हो मी!

पहिले आमचे परिषदवाले सर. वर्गात कमी आणि परिषदांत जास्त सापडतात, म्हणून परिषदवाले. त्यांनी पाठवली अकरा पानं. अकरा! सोबत नऊ फोटो, त्यातल्या सहांत ते जेवतायत! म्हटलं, "सर, जरा कमी केलंत तर…" तर चेहरा पाडून, "कमीच केलंय हो, विमानतळावरचे काढून टाकलेत." कुठल्याशा सत्राचं अध्यक्षपद भूषवलं म्हणे. श्रोते किती होते? "निवडक!"

मग अनुवादवाल्या मॅडम. त्यांनी खरंच दोन ओळी दिल्या, मला भरून आलं! तोच फोन. "ते 'प्रसिद्ध' काढा हो, बरं नाही दिसत." काढलं. दहा मिनिटांनी पुन्हा, "तिथं मोकळं मोकळं वाटतंय का हो? 'ख्यातनाम' घाला. आणि मी सांगितलं असं नका सांगू कुणाला." दिवसभरात सात फोन! दोन ओळींसाठी!

राहिल्या बाई. त्यांना सगळा विभाग नुसतं बाईच म्हणतो. पहिल्या वर्षाचं व्याकरण, सकाळी आठचा तास, जिन्याच्या टोकाची खोली. म्हणाल्या, "माझं काय लिहिणार? काही नाही." म्हटलं, वा, सुटलो! वळतो तर दारात एक गृहस्थ. पन्नाशीचे, सिटी बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, हातात गुणपत्रिका. नंतर कळलं, पदवीच्या इंग्रजीत सहा वेळा नापास, त्यापायी बढती अडलेली, आणि बाई तीन वर्षं मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांना शिकवत होत्या. शेजारच्या खोलीत बसून मला पत्ता नाही! ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम… आय… आय हॅव पास्ड!"

बाई म्हणाल्या, "हॅव पास्ड. बरोबर." आणि चष्मा पुसायला लागल्या… पुसतच राहिल्या. आता मी काही हळवा माणूस नाही, पण उगाच खिडकीबाहेर बघत बसलो.

लिहिल्या मी दोन ओळी, बाईंच्या आणि त्या ड्रायव्हरच्या. नेमक्या दोन! प्रमुखांनी वाचल्या. "छान आहे हो… पण कॉलम कुठला? पुस्तक नाही, पुरस्कार नाही, परदेश नाही."

"'इतर'मध्ये टाका."

"'इतर'मध्ये आपला नवा वॉटर कूलर आहे."

वॉटर कूलर! तुम्हाला सांगतो, वीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, "मग कूलरलाच पुढच्या वर्षी व्याकरण शिकवायला सांगा! बाईंचं नाव नसेल तर हे पान मी देत नाही!" प्रमुखांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि म्हणाले, "टाका."

पान झळकलं. आणि वेबसाइटवर जागा किती? प्रत्येकी दोन ओळी! परिषदवाल्या सरांचा मजकूर दुसऱ्या ओळीनंतर, ते ऐन सभागृहाच्या दारात असतानाच कापला गेला, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पूर्ण वाचता येत होत्या त्या मॅडम आणि बाई. बाईंनी तर मला गाठलंच, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

का चिडल्या ते पुढच्या सोमवारी कळलं. जिन्यावर रांग! दोन कंडक्टर, एक नर्स, एक शिंपी, रखवालदार… चौदा माणसं, हातात जुन्या गुणपत्रिका. "त्या इंग्रजीच्या बाई कुठे बसतात?" प्रमुख मला म्हणाले, "त्या एकट्या किती बघणार? सात तुम्ही घ्या. तुम्हीच ओढवून आणलंय."

घेतले! काय करणार? आता मधली सुट्टी गेली, डबा गार होतो. आणि पहिल्याच दिवशी तो शिंपी मला आपादमस्तक न्याहाळून विचारतो कसा, "सर, त्या पानावर तुमचं नाव कुठं दिसलं नाही… तुम्ही इथेच असता का?"

म्हटलं, असतो बाबा. बस. वही काढ.