धुऱ्याचा देव

नाही हो, घरी कुणी नाही — म्हणजे मी आहे, पण मला अजून माणसांत धरत नाहीत, तीनच महिने झाले लग्नाला. सगळे यवतमाळला गेले, सहाच्या एसटीनं. काल संध्याकाळी फोन आला होता ना, की बागेच्या प्रकरणात मोठे साहेब उद्या अकराला भेटतात, कमिटीच्या सगळ्यांनी सह्यांसाठी समक्ष या — मग काय, मामाजी, माझा नवरा अभिषेक, शेजारचे दीनानाथकाका, बाया-माणसं मिळून तेवीस जण गेले. सासूबाईसुद्धा गेल्या, त्यांना डोळे दाखवायचे होते. आज या कॉलनीत नीट ऐकू येणारी मी एकटीच उरले असेन, बाकीच्यांची कानातली मशीनं उशीखाली. मामाजी म्हणजे माझे सासरे, भगवानराव, बागेच्या कमिटीचे अध्यक्ष — सासऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण तुमच्या कागदावर लागेल. तुम्ही मोजणी ऑफिसातले? मोजणी उद्या आहे ना पण? — हां, आज नुसती पाहणी. असेल. मला त्यातलं काय कळतं. बसा. अहो, खुर्ची दारात कशाला ओढता, आत पंखा आहे — रेंज? हे मात्र खरं, या घरात रेंज दारातच येते. अभिषेक सुटीच्या दिवशी सारखा उंबऱ्यावर उभा असतो, फोन कानाला लावून. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, बायकोला बाहेर पडू देत नाही.

चहा ठेवलाय, घ्या. मी तशी फार बोलत नाही. बागेत झाडांना पाणी घालायला रामीबाई असते, ती मला परवा म्हणाली, सूनबाई, तुह्या जिभेले मुंग्या नाही येत का वं? येतात की. पण विचारलं कुणी तर बोलायचं ना — तुम्हीच पहिले, असं सगळं नीट विचारून राह्यले. — आज किती शांत आहे, ऐकलंत? आठ दिवस झाले, सकाळी सातपासून बागेपलीकडच्या सागवानात करवतीचं मशीन सुरू व्हायचं, दुपारी भांडी घासतानाही दातांत आवाज यायचा. आज बंद. ते सागवान मालकीचं आहे, ठेकेदार राजकुमारनं तोडीला घेतलं, त्याच्याजवळ परवानगी आहे, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. म्हणणं बागेबद्दल आहे. वीस वर्षांपूर्वी तिथं मुरमाची टेकडी होती, कॉलनीच्या लोकांनी बादल्यांनी पाणी वाहून ती बाग केली. फक्त कडेचे साग आधीपासूनचे, मिठीत न मावणारे, एकसष्ट, आणि एक जोडमोहा, एका बुंध्यातून दोन खोडं निघालेला. राजकुमार म्हणतो, हे एकसष्टही माझ्या हद्दीत येतात. त्याच्या माणसांनी झाडांवर निळ्या रंगानं आकडे घातले. बायांनी एका दुपारी जाऊन सगळ्या आकड्यांवर चुना फासला — मी नव्हते त्यात, मी नवी सून, मी फक्त चुना कालवून दिला. चार दिवसांनी बागेचा चौकीदार गुलाबसिंग फाटक लावत होता, तर एक ट्रॅक्टर मागं येता येता त्याच्या पायावरून गेला. नंबर नव्हता ट्रॅक्टरला. अपघात म्हणतात. मीही अपघातच म्हणते.

काय म्हणालात? हद्दीच्या दगडावरून मोजलं तर झाडं तिकडं जातात — जातात ना, तेच तर. दगड बागेत चांगला चाळीस पावलं आत आहे, निंबाखाली, ओट्यावर, खाली टाइल्स, वर घंटा. पण तो दगड तिथला नाहीच. आता हसाल तुम्ही — हसा, मीही हसले होते, पदरात. बाग आणि सागवान यांच्या मधल्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, तो हद्दीचा दगड. कधी कुणी त्याला शेंदूर लावला, मग तो धुऱ्याचा देव झाला, मग नवी सून आली की तिनं त्याच्यापुढं नारळ फोडायचा. पण वाट काट्यांची, अन् वर ऊन. पाच वर्षांमागं मामाजीच म्हणाले, आपण सावलीत बसतो आन देव उन्हात, हे काही बरोबर नाही. झालं. बँड लावून उचलला, निंबाखाली आणून बसवला, बुंदीचं जेवण घातलं. दोनशे माणसं जेवली, पण आपण हद्द उचलून घरात आणून राह्यलो, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्यात एक रिटायर्ड तलाठी होते, आरती त्यांनीच म्हटली. मामाजींना ते आता इतकं लागलंय की ताटातली दुसरी पोळी परत पाठवतात. माणूस देवाचं करायला गेला आणि एकसष्ट झाडं देऊन बसला.

नाही, तसं गेलं असं नाही — पुरावा आहे. आहे, पण ते मी — म्हणजे ते उद्या मामाजीच सांगणार आहेत, सगळ्यांसमोर. तुम्ही खरंच आमच्या बाजूनं लिहिणार? आजच्या कागदात आलं तर उद्या वाद नाही, असं म्हणता? तेही बरोबर आहे. — माझ्या नारळाच्या दिवशी पूजा झाल्यावर मामाजींनी मला एकटीला पुढं नेलं, काट्यांतून, आणि नारळातलं राहिलेलं पाणी मोकळ्या जमिनीवर ओतलं. म्हणाले, “अपेक्षा, तू बोलत नाहीस म्हणून तुले सांगून राह्यलो. दगड हलला, पण कोळसा नाही हलत.” — कोळसा कशाला? अहो, जुन्या काळी हद्दीचा दगड रोवताना खाली खड्ड्यात कोळसा पुरायचे. लाकूड कुजतं, दगड कुणी सरकवतो, कोळसा मात्र शंभर वर्षं तसाच राहतो. उद्या मोजणीच्या लोकांसमोर तिथं खणायचं, कोळसा दाखवायचा, की हद्द जागच्या जागी. मामाजी आणि मी, दोघांनाच ती जागा माहीत आहे. — जोडमोहापासून मावळतीकडं सात पावलं. रामीबाईकडून एक फुटका माठ पालथा घालून घेतलाय त्यावर, खूण म्हणून. तिला कारण सांगितलं नाही, ती म्हणते, भगवानरावाले येड लागलं, फुटक्या मडक्याची राखण करते.

चहा घेतला नाहीत तुम्ही, साय धरली बघा. आणि काही लिहूनही घेतलं नाहीत. मला वाटलं होतं, संध्याकाळी सगळे आले की सांगेन, तुमचे साहेब तिकडं काय देतील ते देतील, मी इथं बसल्या जागी काम करून ठेवलं — मामाजी म्हणाले असते, सून कामाची निघाली. फार काही नको होतं मला, तेवढंच. सांडशी ठेवून येते — नाही, थांबा. एक विचारू? कोळसा कशाला, हे तुम्ही मला विचारलंत. मोजणीवाल्या माणसानं. ते तर तुमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर असेल. मी सांगत होते आणि तुम्ही पुढं वाकून ऐकत होतात, मला वाटलं माझा आवाज बारीक आहे म्हणून. तुमचा खिसा उजळलेला आहे, आत फोन चालू आहे. शर्ट पातळ आहे तुमचा, आतले आकडे दिसतात — वीस मिनिटं झाली. कोण आहे तिकडं? कालचा फोन, ते साहेब, ते अकरा वाजता —

हा आवाज करवतीचा नाही. हा जमिनीत जाणारा आवाज आहे, खोदायच्या मशीनचा. आणि सागवानाकडून नाही, बागेकडून येतोय. तिथं आज रामीबाई एकटी आहे. आता फाटकावर गुलाबसिंगही नाही — आणि तो कोळसा निघून गेला की राहतो काय, राहतो ओट्यावरचा दगड, टाइल्ससकट. मामाजींनी खोटं रचलं म्हणतील. ती जागा मी सांगितली, हे तुम्हाला आणि मलाच माहीत. मी ओरडले तर — ऐकू येणारं कुणी नाही, हेही मीच सांगितलं तुम्हाला. बसायच्या आधीच.

उठा. राहू द्या कप, मी उचलते. मला माठापाशी जाऊन बसायचं आहे, माझ्यावर मशीन घालतो का ते पाहू. चपला तुमच्या खुर्चीमागं आहेत, मी अनवाणी जाईन. भाऊ, खुर्ची सरकवा. दारातून बाजूला व्हा. — ऐकू येतं ना तुम्हाला? दारातून —