मकवालाच्या चहातली खुबी

गुरिया प्रांतात घरच्या मसाल्याच्या चहाची कृती प्राण गेला तरी कुणी परक्याला सांगत नाही. तिथल्या ओझुर्गेती गावच्या बसथांब्यावर मकवालाने ती शेजारच्या त्सियालाला अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी सांगितली.

"दालचिनी, लवंग, संत्र्याची वाळकी साल. मध शेवटी."

"तसाच केला होता गं. तुझ्यासारखा लागत नाही. उद्या होणारे व्याही लेकीचं पक्कं करायला येतायत. लपवू नकोस."

"उतरवल्यावर अर्धा पेला घरची द्राक्षाची दारू."

"अगं, डॉक्टरांनी व्याह्यांची दारू बंद केलीय. म्हणून तर चहा ठेवतेय."

"ठाऊक आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याकडे चहालाच असतात."

"आणि त्यांची बायको?"

"ती म्हणते, चहाने माणूस किती खुलतो."

लग्न ठरलं. त्सियालाकडचा दारूचा बुधला रिकामा झाला; चहासाठी आणलेली लवंगांची नवी पुडी अजून फोडलेली नाही.