चिकोडी गाडी सुटल्याशिवाय अंडं नाही

...आणि वर मलाच विचारतात, "समता, बापाला उपाशी ठेवतीस व्हय गं?" मी! मी उपाशी ठेवते! सकाळी डोळे उघडल्यापासून ज्या माणसामागं वाटी घेऊन मी घरभर फिरते, तो माणूस दिवसाला अर्धी भाकरी चघळून ढेकर देतो, आणि गल्लीत नाव कुणाचं खराब? माझं! का, तर आप्पांचे गाल बसले. अहो, गाल बसायलाच पाहिजेत की! त्यासाठीच तर सगळा खटाटोप चाललाय!

थांबा, पहिल्यापासून सांगते. फक्त गावाचं नाव विचारू नका. निपाणी आणि चिकोडीच्या मध्ये कुठंतरी आहे असं समजा, कारण ह्या गोष्टीत गाड्या उशिरा सुटतात, आणि उद्या कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं, की आमच्या गाडीला नावं ठेवणारी ती कोण! तर ती मी. एम.कॉम. केलंय, घरात बसून एका कंपनीचं काम बघते, आणि उरलेल्या वेळात बापाला खायला घालते. उरलेला वेळ म्हणजे कुठला, ते मलाही अजून सापडलेलं नाही.

आप्पा म्हणजे देवाप्पा, आमच्या स्टँडचे रिटायर कंट्रोलर. ड्रायव्हर नव्हे, कंडक्टर नव्हे... कंट्रोलर! काचेच्या खोलीत माइकसमोर बसून गाड्या सोडणारा माणूस. उभ्या हयातीत त्यांनी हजारो गाड्या सोडल्या आणि रिटायर झाल्यावर त्यांचं फक्त पोट सुटलं. मिरची भजी, भडंग, दुपारी चहा-बटर, संध्याकाळी परत भजी... वजन गेलं शंभरच्या पलीकडं आणि गुडघे बसले संपावर. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वजन उतरवा, मग गुडघे बदलू." साखरेच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. आणि तुम्हाला सांगते, त्या इंजेक्शननं भूक अशी गेली, अशी गेली... ज्या भज्यांसाठी हा माणूस पावसात छत्री घेऊन जायचा, ती भजी समोर ठेवली तर आप्पा अनोळखी माणसाच्या लग्नपत्रिकेकडं बघावं तसे बघायचे. बघितलं, बाजूला ठेवलं!

आम्ही खूश! वजन भराभर खाली. आई, म्हणजे सुलाबाई, शेजारणीला सांगायची, "जुनी पँट बसाया लागली की ह्यांना!" मी पण खूश होते, खोटं कशाला बोलू?

मग गेलो बेळगावच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडं. डॉक्टर म्हणाले, "काका, हात न टेकता खुर्चीतनं उठून दाखवा." आप्पा पुढं वाकले... मागं गेले... परत पुढं वाकले... आणि डॉक्टरांकडं बघून हसले. बस्स. तेवढंच! डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "चरबीबरोबर मांडीतला जोरही गेलाय. हे खात नाहीत. मी नवा गुडघा बसवीन हो, पण तो उचलणार कोण? आधी हे खुर्चीतनं उठू देत. तोपर्यंत ऑपरेशन नाही."

म्हणजे बघा! आतापर्यंत आम्ही वजन उतरवत होतो, आता खाऊन वजन उतरवायचं! आणि ते नाही जमलं तर आप्पा त्या खुर्चीतच राहणार, कायमचे.

तिथंच आहाराच्या सौम्या मॅडम. मॅडम कसल्या, माझ्यापेक्षा लहान असेल, पण बोलायला गोड. "अंकल, भूक लागायची वाट बघायची नाही हं. दिवसाला पंधराशे कॅलरी तरी पोटात गेल्याच पाहिजेत. एकदम जात नसेल तर थोडं थोडं, सहा वेळा. अंडं, उसळ, दही, मासे... चालेल ना अंकल?" अंकलनी अशी मान हलवली, अशी मान हलवली, की मला वाटलं झालं काम! बाहेर आल्या आल्या म्हणतात, "पोरगी गुणाची हाय. पण आता भूक न्हाय तर काय करू? भूक लागली की मागतो की गं!"

भूक लागली की मागतो की गं! हे वाक्य मी किती ऐकलं असेल? सकाळी अंडं नेलं... "भूक लागली की मागतो की गं." दह्याची वाटी नेली... "ठेव तिथं, भूक लागली की..." मटकीची उसळ, सुकट, शेंगदाण्याची चटणी घालून भाकरीचा काला... सगळं त्या स्टुलावर रांगेनं वाट बघत बसायचं. आणि मोठ्या माणसांची अक्कल तर विचारूच नका! आई म्हणायची, "नको म्हणत्यात तर कशाला छळतीस? वजन उतरतंय न्हवं?" आप्पांचे दोस्त मष्णूमामा, रिटायर ड्रायव्हर, रोज संध्याकाळी "जयभीम कंट्रोलर!" करत येणार आणि मला शिकवणार, "पोरी, एकदा रश्श्यात बोकडाचं मुंडकं घाल. माणूस काय, गाडी उठंल!" आमचा संघर्षदादा बेंगळूरवरनं व्हिडिओ कॉलवर, "आप्पा, प्रोटीन पावडर घ्या!" मागवली पावडर. आप्पांनी एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडं धरला आणि विचारलं, "भिंतीला लावायची व्हय ही?"

मोबाइलला सहा गजर लावले. पहिला वाजला तर आप्पांनी उचलून कानाला लावला आणि म्हणाले, "राँग नंबर." आता बोला!

शेवटी एकदा काय झालं, परत तपासणीला बेळगावला जायचं होतं. स्टँडवर बाकड्यावर बसलो, माझ्या मांडीवर डबा. समोर चिकोडी गाडी लागली होती. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, गाडी हलली, फाटकातनं बाहेर वळली... आणि आप्पांचा हात, नजर अजून गाडीवरच, हात आपला डब्यावर! झाकण काढलं, अंडं उचललं आणि खाल्लं. सबंध! मी श्वास घेतला नाही. वाटलं, श्वास घेतला तर भानावर येईल हा माणूस. थोड्या वेळानं संकेश्वर गाडी सुटली... हात डब्यात! उसळ आणि अर्धी भाकरी! तेवढ्यात आमची बेळगाव गाडी लागली, भरली, मी बसूनच.

"अगं, आपली गाडी चालली की!"

"जाऊ दे. तुम्ही खावा."

घरी येऊन आईला विचारलं, तर आई तांदूळ निवडता निवडता काय म्हणाली असेल? "त्ये कवा भुकेनं जेवल्यात? बारकं पोर असताना ह्यांची आय निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. भोंगा झाला की आय बाहेर यायची, तवा भाकरी मिळायची. भोंग्याच्या आधी रडून काय उपेग? मोठं झाल्यावर गाडी सुटली की डबा. गाडी सोडल्याबिगर कंट्रोलरला हात धुवायला तरी मिळतोय व्हय?"

मी म्हटलं, "आई! हे तुला इतकी वर्षं माहीत होतं?"

"मग? तू कवा इच्यारलंस?"

बघा! ह्या पिढीचं हेच! आम्ही गूगल पालथं घालायचं आणि ह्यांच्या पदराच्या गाठीत उत्तर! पण तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी जास्त भांडले नाही. भोंग्याची वाट बघत वखारीच्या भिंतीला टेकलेलं पोर डोळ्यांपुढं आलं आणि... असो. दुसऱ्या दिवशी डबा भरला आणि रिक्षातनं आप्पांना स्टँडवर!

काय थाट सांगू! चिकोडी गाडीला अंडं. संकेश्वर गाडीला उसळ-भाकरी. गडहिंग्लज गाडीला दही. शाळेच्या पोरांच्या गाडीला मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे. राहिलेल्या दोन वेळचं घरी, कारण रात्रीची मुक्कामाची गाडी आमच्या दारावरनंच जाते आणि सकाळी तीच परत जाते. आप्पा माइक नसलेले कंट्रोलर होऊन बाकड्यावर बसायचे, गाडी सुटली की खायचे. भूकबिक काही नाही हं! तोंड असं, जणू ड्युटी चाललीय. पण पोटात जात होतं!

आणि मग मला कळलं, आमच्या गावच्या गाड्या किती उशिरा सुटतात ते. आधी काय, मी स्कूटीवाली, मला काय पत्ता? चिकोडी गाडी लागायचीच नाही! अंडं डब्यात, आप्पा बाकड्यावर. "खावा की आप्पा." "अजून गाडी लागली न्हाय." "गाडीचं आणि अंड्याचं काय नातं आहे का?" "तुला स्टँडातलं कळत न्हाय." एकदा संकेश्वर गाडी रद्द झाली तर उसळही रद्द! उसळ तशीच घरी परत. प्रवासी बरे, ते वडापच्या जीपनं गेले. उसळ कशानं जाणार?

गेले त्या काचेच्या खिडकीपाशी. आताचे कंट्रोलर महादेव, आप्पांच्या हाताखालीच तयार झालेला माणूस.

"चिकोडी कधी सुटणार?"

"मॅडम, तुम्हाला कुठं जायाचंय?"

"कुठंच जायचं नाही! अंडं खायचंय!"

माझ्या मागची रांग वाकून वाकून माझ्याकडं बघायला लागली. पण रोज भांडते म्हटल्यावर लोकांना वाटलं, ही बाई आपल्यासाठीच भांडते. बायका येऊन सांगायला लागल्या, "आक्का, आमच्या गावच्या गाडीचं पण तेवढं बघा की." एक आजोबा म्हणाले, "पंचायतीला उभी ऱ्हा, मत तुला!" मी म्हटलं, "आजोबा, माझ्या दह्याला पाणी सुटलंय हो, मला गडहिंग्लज पाहिजे!"

महिना गेला, दुसरा गेला. वजन उतरत होतं, पण सावकाश, आणि गाल बसले तरी आप्पांचा आवाज परत आला होता. आणि एका दुपारी एक नवा ड्रायव्हर गाडी मागं घेत होता, मागं कुणी नाही, गाडी सरळ खांबाकडं निघालेली... आणि आप्पा उठले! हात बाकड्याला नाही, माझ्या खांद्याला नाही, सरळ उठून उभे! "होऽऽ हो हो हो! थांब रं! उजवीकडं काट! खांब दिसत न्हाय व्हय रं तुला?"

मी किंचाळले, "उठले! उठले!" माझ्या किंचाळण्यानं अख्खं स्टँड उठलं, पिशव्या घेऊन गाडीकडं पळालं. गाडी कुठली, काही विचारू नका. आप्पा मात्र ड्रायव्हरला शिव्या देण्यात इतके रंगले होते, की आपण उठलोय हे त्यांना मीच सांगितलं. तेव्हा खाली पायाकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय की गं." डोळ्यांत पाणी माझ्या होतं. त्यांनी चष्मा पुसला तो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, धुळीनं.

ऑपरेशन झालं. एका गुडघ्याचं, दुसऱ्याचं नंतर बघू म्हणाले. छान झालं, आप्पा घरी आले. आणि सौम्या मॅडमचा फोन, "आता तर खाणं जास्तच सांभाळायचं हं अंकल, जखम भरायची आहे." आणि अंकल खाटेवर. खाटेवरनं दिसतं काय? कपाट! स्टँड लांब. मी अंडं नेलं तर... म्हणा, तुम्हीच म्हणा... "भूक लागली की मागतो की गं!"

काय करणार? घेतला स्टीलचा तांब्या तोंडाला. "प्रयाणिकर गमनक्के! चिक्कोडिगे होगुव बस्सु... प्रवाशांनी लक्ष द्यावे! चिकोडीला जाणारी गाडी सुटत आहे!" एम.कॉम. झालेली मुलगी, कानडी आणि मराठी अशा दोन भाषांत, स्वतःच्या घरात! आप्पांनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "खोटं. चिकोडी कवा टायमावर सुटल्या?" मग काय, दोन महिने गाड्या वेळेवर सोडा म्हणून भांडलेली मी, घरातली चिकोडी गाडी रोज मुद्दाम उशिरा सोडायला लागले. आणि आप्पा खायला लागले!

परवा मात्र कामाच्या फोनवर होते, आणि उसळ करपली. काळी कुळकुळीत! कंटाळून तांब्या घेतला आणि सांगून टाकलं, "संकेश्वरला जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे." आणि मागनं आवाज... टक... टक... वळून बघते तर आप्पा! वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांनी, खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत! मला म्हणतात, "रद्द म्हंजे? मग प्याशिंजरानं काय करायचं? पोटात कालवाय लागलंय की हितं! दुसरी गाडी कवा हाय?"

मागितलं! माझ्या बापानं तोंडानं मागितलं! ज्या वाक्यासाठी मी एवढे दिवस तरसले, ते वाक्य दारात येऊन उभं राहिलं आणि माझ्या हातात काय? करपलेलं पातेलं! फ्रिजमध्ये दही नाही, डब्यात अंडं नाही, आई बाजारात!

काय सांगणार? खुर्ची पुढं सरकवली आणि म्हटलं, "बसा आप्पा. अजून गाडीच आलेली नाही."