काउंटरपलीकडचा नवरा

(संध्याकाळ. तो हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या ड्यूटीचा कोट इस्त्री करतोय. ती खिडकी ते दार अशा फेऱ्या मारतेय. त्याची आई शेंगा सोलत बसली आहे.)

ती : ‘नक्कीच’ हे काय उत्तर झालं? दोन वर्षं परदेशी जाऊ का, असं विचारतेय मी. जादा उशी मागत नाहीये.

तो : मग काय म्हणायला हवं होतं?

ती : तुला खरंच जे वाटतं ते. आज विद्यापीठाला कळवायचंय.

तो : मला आनंदच आहे. तुझ्या संशोधनाला एवढी मोठी संधी मिळतेय. माझ्याकडून काहीही मदत लागली तर जरूर सांग.

ती : ऐका आई. घरात रिसेप्शन उघडलंय.

आई : तू आधी एका जागी बस. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरतेयस, मला गरगरायला लागलं.

ती : बसवत नाही हो. इतकी वर्षं हॉटेलवाल्यांच्या मुलाखती घेतेय. दिवसभर शिव्या खाऊन हसणारा माणूस घरी गेल्यावर कसा वागतो, हाच तर माझा विषय. त्यांच्या बायका सांगायच्या, आमच्यात भांडण होतच नाही. मला वाटायचं, काय सुखी संसार आहेत एकेकीचे. मग एकजण म्हणाली, बाई, भिंतीशी भांडायचं कसं?

तो : म्हणजे मी भिंत.

ती : भिंतीला निदान पोपडे तरी निघतात.

आई : लहानपणी असा नव्हता हा. फुगा घेतला नाही म्हणून भर रस्त्यात लोळण घेतली होती. अख्खी गल्ली गोळा झाली.

तो : आई, कृपया.

आई : बघ, मलाही कृपया.

तो : थांबा, हॉटेलचा फोन. नमस्कार सर. हो सर. आपला राग अगदी रास्त आहे. गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व. मी स्वतः लक्ष घालतो सर. आपली संध्याकाळ छान जावो.

ती : काय झालं?

तो : पाहुण्याच्या नळाला पाणी कोमट आलं. माझ्या खानदानाचा उद्धार केला.

आई : म्हणजे माझाही?

तो : सुरुवात तुझ्यापासूनच.

ती : आणि तुला राग नाही आला?

तो : सवय झालीय.

ती : मी जाणार म्हटल्यावर? तेव्हाही नाही?

तो : हे प्रबंधाच्या कुठल्या प्रकरणात घालणार आहेस?

ती : कुठल्याच नाही. बायको म्हणून विचारतेय.

तो : बायको म्हणून? मी काही बोललो की मान तिरकी करून ऐकतेस. पुढचा प्रश्न तुझा तयार असतो. नवऱ्याचं ऐकत नाहीस तू, नमुना तपासतेस. मग नमुन्यानं आणखी काय बोलायचं?

आई : अरे, इस्त्री उचल. कोट जळतोय.

तो : जळू दे. आलाय मला राग. तू सांगितल्यापासून घास उतरत नाहीये घशाखाली.

ती : मग बोलला का नाहीस?

तो : राहा म्हणालो असतो तर राहिली असतीस. आणि मग जन्मभर माझ्याशी असंच गोड बोलली असतीस. एका घरात एक रिसेप्शन पुरे झालं.

ती : आणि आता?

तो : आता जा. तुझं काम आहे ते, तू करायलाच हवंस. पण विमानतळावर सोडायला मी येणार नाही. लोकांना हसून निरोप देण्याचा पगार घेतो मी. तुला तसा नाही देता यायचा.

आई : मी जाईन हिच्याबरोबर. तू घरी बसून काय रडायचं ते रड.

ती : बरं. कळवते त्यांना. जाते मी.

तो : येते म्हण.