आपोआप पडनारा खटका

नाव आदेश मुखरू लोनबले, वय वीस, शिक्षन दहावी नापास, धंदा मजुरी, कधी सुनिलभाऊ गेडाम वायरमनसंग वायर ओढाले जातो. राहनार मोहटोली, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर.

मी स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगतो का, गुणवंतरावाच्या राईस मिलच्या बोर्डातला आयसोलेटर मीच काढला अन् त्याच्या जागी जुनं ईएलसीबी, म्हणजे आपोआप पडनारा खटका, मीच बसवलं. सुनिलभाऊले सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं हाय. त्याले यातलं काहीच मालूम नाई. हवालदार हरिदासभाऊ म्हणाले, "तू बोलशीन तसंच लिहतो, फक्त हसू नको." मी हसून नाई राह्यलो.

माही माय गुणाबाई त्या मिलमधी कामाले हाय. दुपारी मी तिचा डब्बा नेतो. बोर्ड दरवाज्यापाशीच हाय. ईएलसीबीवर बारकं बटन रायते. ते दाबलं का खटका खाली पडते अन् चाळनीची मोटर, पंखे, लाइट सगळं बंद. खटका बरोबर पडते का नाई हे पाहाले ते बटन हाय, हे सुनिलभाऊनंच शिकवलं. मी ते रोज जाता जाता दाबत होतो. चाळनी थांबे, बायका निंबाखाली बसत, अन् गुणवंतराव आतून सुनिलभाऊच्या नावानं बोंबलत येत. मायसंग कामाले असनारी सुकरीकाकू तं मी दिसलो का आधीच पानाचा डब्बा काढे.

शेवटी गुणवंतरावानं सुनिलभाऊले बोलावलं. मी संग होतो.

"हा खटका काढ. रोज पडते. हा आयसोलेटर आनला मी, दिसाले सेम हाय, पडत नाई."

"भाऊ, तो हातानं पाडल्याशिवाय पडतच नाई. काम करताना लाइन बंद ठेवाले हाय तो. मानसाले करंट लागला तं आपोआप पडते, ते हे जुनं."

"एमसीबी हाय नं वरतं?"

"ते लोड वाढला, शॉट झाला तं पडते. मानसाच्या अंगातून जानारा करंट त्याले समजत नाई."

"पडते हेच तं दुखनं हाय बाप्पा. तू न पडनारा लाव."

सुनिलभाऊनं लावला नाई. थैली उचलली अन् निघाला. मायले तेवढं बोलला, "गुणाबाई, ओल्या हातानं मशीनले हात लावू नको." तेव्हाच मी सांगाले पाहिजे होतं का बटन मी दाबतो. मी तोंडाले दुपट्टा लावून हसू दाबून राह्यलो होतो. मालकानं दुसरा मिस्त्री आनून आयसोलेटर लावला. जुनं ईएलसीबी बोर्डाखालच्या डब्ब्यात टाकलं.

आयसोलेटरले बटन नसते. डब्बा द्याचा अन् मुकाट वापस याचं, मजाच गेली. म्हणून बाजाराच्या दिवशी मिल बंद होती तवा मेन स्विच पाडून मी दोन्ही बदलवले. तसं कराले नाई पाहिजे होतं. आयसोलेटर घरी धानाच्या कनगीत लपवला, तो आज जमा करतो. मायच्या काळजीनं केलं असं लिहू नका. बटनासाठी केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय कोंडा उडू नये म्हणून पानी शिंपडत होती. ओल्या हातानंच तिनं चाळनीचा लोखंडी पत्रा धरला. आतली वायर उंदरानं कुरतडली होती. खटका पडला. चाळनी थांबली. सुकरीकाकू माह्याकडं पाहून हसली. मी बटन दाबलं नव्हतं. मी बोर्डापर्यंत पोचलोच नव्हतो.

माय कोंड्यात बसली होती. हात झटकत होती. मी हातातला डब्बा टाकून जवळ गेलो तं म्हणे, "भात सांडवला नं सगळा."

गुणवंतरावानं बोर्ड उघडला, ईएलसीबी पाहिलं, अन् सुनिलभाऊनं चोरून बदलवलं, त्याच्याच गडबडीनं बाईले झटका बसला अशी तक्रार देली. त्याचं लायसन जाईन म्हणतात. तसं झालं तं माह्या मायचा जीव वाचवनाऱ्याचंच पोट जाईन. बसवलं मी, पन ते काय कामाचं हाय हे त्यानं जीव तोडून सांगितलं होतं. त्याचे उपकार हायेत. गुणवंतरावाचेही हायेत, त्यानं जुनं ईएलसीबी भंगारात नाई देलं. उंदराचे नाई.

काल मायले एवढंच सांगितलं का खटका मी बदलवला. तिनं दोन्ही अंडे माह्याच ताटात वाढले.

हरिदासभाऊनं सगळं वाचून दाखवलं. बोललो तसंच उतरलं हाय, बरोबर हाय, म्हणून खाली सही करतो. माय बाहेर सुनिलभाऊपाशी बसली हाय, त्याच्यासाठी भाकर घेऊन आली. खटका कोनं बदलवला हे तिले मालूम हाय. काऊन बदलवला ते मालूम नाई. हा कागद ज्याच्या हाती जाईन, साहेब असो का वकील, मी हात जोडतो. तिले सांगू नका. कोनालेच सांगू नका.