दारूच्या देवाची मिरवणूक

(ह्यूस्टनमधलं एक म्युझियम, २००६. नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या नीलांबरीबाई तीन आठवड्यांपूर्वी जवळच्याच शुगर लँडला मुलाकडे, सुशांतकडे, आल्या आहेत. सून अदिती त्यांना एक भिंतभर चित्र दाखवते आहे.)

अदिती : ...आणि तो मधला, द्राक्षांच्या वेलीचा मुकुट घातलेला, तो वाइनचा देव.

नीलांबरीबाई : देव? कपडे कुठे आहेत त्याचे?

अदिती : सतराव्या शतकातलं आहे, आई. असंच काढायचे तेव्हा. त्याची मिरवणूक चाललीय.

नीलांबरीबाई : आणि गाढवावरचा तो म्हातारा?

अदिती : देवाचा गुरू.

नीलांबरीबाई : गुरूच्या पोटात पाणी झालंय.

अदिती : अहो, जाडा दाखवलाय नुसता.

नीलांबरीबाई : हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं टम्म. चौतीस वर्षं पुरुषांचा वॉर्ड सांभाळला मी. हा दिवाळी बघत नाही. त्याला दोन्ही बाजूंनी धरून चाललेत, ते कोण?

अदिती : त्यांची नावं नाही लिहिलेली.

नीलांबरीबाई : नसणारच. सुशांत कधीपासून पितो?

अदिती : आई, ते वीकेंडला जरा, ऑफिसच्या लोकांबरोबर...

नीलांबरीबाई : सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. आज मंगळवार आहे.

अदिती : दोन वर्षं झाली.

नीलांबरीबाई : बरं नाही म्हणून ऑफिसात फोन कोण करतं?

अदिती : मी.

नीलांबरीबाई : ओकारी कोण पुसतं?

अदिती : मीच. तुम्हाला कळू नये म्हणून बाटल्या गराजमध्ये ठेवल्या.

नीलांबरीबाई : त्याच्या बाबांचं मीही असंच झाकलं. सोळा वर्षं. सिस्टर असून शेजाऱ्यांना कावीळ सांगायची. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, बाईनं फार केलं. उद्यापासून तू फोन करू नकोस.

अदिती : जॉब गेला तर व्हिसाही जाईल, आई.

नीलांबरीबाई : जाऊ दे. नागपुरात माझं घर आहे, तू ये. तो आधी दवाखान्यात जाईल, मग येईल.

अदिती : तुमचा मुलगा आहे तो.

नीलांबरीबाई : म्हणूनच तीन आठवडे गप्प बसले. चुकलंच.

अदिती : त्याला कोण सांगणार?

नीलांबरीबाई : मी. आजच, तो आला की. तेवढा वेळ तू घरात थांबू नकोस.

अदिती : मग कुठे जाऊ?

नीलांबरीबाई : एकटीला कुठे जायला आवडतं तुला?

अदिती : आठवत नाही, आई.