उगवतीला मी एकटा

…नाही, पण मी म्हणतो, संरक्षण करणार म्हणजे नक्की कुणाचं? बेटावर माणूस उरायला नको? तुम्हाला सांगतो, शेजारी भला आहे, माझी तक्रार नाही! पण ऑस्ट्रेलिया केवढा, आणि आमचं तुवालू… नकाशावर माशी बसली तर अख्खा देश झाकतो! तर ह्या दोघांचा झाला करार. आमच्यावर कुणी चालून आलं की ते धावून येणार. आता इथं चालून कोण येणार हो? खेकडे? बरं, दुसऱ्या कुणाशी सुरक्षेचं बोलायचं झालं तर आधी त्यांना विचारायचं. बायको होती तेव्हा आमच्या घरात हाच करार होता, आणि तिच्याकडे एकसुद्धा लढाऊ जहाज नव्हतं!

वर आणखी काय, समुद्र चढतोय, म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या काढून आमची माणसं ते आपल्याकडे नेणार. भला शेजारी! पण नेली ना सगळी! आमच्या गावाला दोन बाजू, उगवतीची आणि मावळतीची. सभागृहात समोरासमोर बसायचं, लाकडी पेटी बडवत गायचं, एकानं आवाज चढवला की दुसऱ्यानं त्याच्या वर चढवायचा… ह्याला म्हणतात फातेले. बाजू बापाची, मेलं तरी बदलत नाही. तर आमची उगवती अख्खी चिठ्ठीत निघाली. माझी लेकसुद्धा. "बाबा, तुमचंही नाव घालू?" म्हणाली. म्हटलं, खुळी का काय? मी गेलो की उगवती संपली, आणि मावळतीचा तो सिकेला जन्मभर मिशीला पीळ देत फिरेल!

मग आल्या तिकडच्या सरकारी पाहुण्या बाई, कराराचा सोहळा करायला. मावळतीला सिकेला आणि त्याचं घरदार, उगवतीला… मी! पेटी बडवतोय मीच, गातोय मीच, दम लागला की "वाहवा" म्हणतोय तोही मीच! बाई हळूच म्हणतात, "आजोबा, एकटे का? इकडे आमच्यात बसा ना." म्हटलं, "बाई, ही बाजू आहे, खुर्ची नव्हे!"

तेवढ्यात सिकेला उठला, तरातरा माझ्याकडे आला. वाटलं, आता हा चारचौघांत माझी टर उडवणार. तर हा बाबा माझ्या शेजारी मांडी ठोकून बसला आणि लागला बडवायला! उगवतीची पेटी! म्हटलं, "अरे, तुझा बाप थडग्यात उठून बसेल!" तर म्हणतो, "गप रे पनापा. तुला असं हरवून माझं काय भलं होणार? वाजव!" वाजवलं हो… असं वाजवलं, की बाई उठून नाचल्या!

मग घाम पुसत म्हणतो कसा, "आमची चिठ्ठी निघाली. सगळ्या घराची. बाईंच्याच जहाजानं जातोय." आणि खाली बघत, "जिंकलास तू."

जिंकलो! आयुष्यभर त्याच्या तोंडून हेच ऐकायला बसलो होतो, आणि ऐकलं तर म्हटलं, परत घे तो शब्द! जहाज दिसेनासं होईस्तोवर किनाऱ्यावर उभा राहून शिव्या घालत होतो त्याला. शेजारी भला आहे, माझी तक्रार नाही… पण एकटं वाटतं हो. पुलाकाचा कंद उकडतो आणि तसाच झाकून ठेवतो.

काल गेलो सभागृहात. आधी उगवतीला बसून एक गाणं म्हटलं. मग उठलो, पेटी ओढत नेली, मावळतीला बसलो आणि उत्तर दिलं… खरं सांगू? सिकेलाला बोलू नका हं… मावळतीवालेच सरस गायले!